दहाव्या घरात तानी

तानीच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

तानी म्हणजे माझी बायको, तानुबाई. बेचाळीस वर्षं संसार केला आणि माघात तीन दिवसांच्या तापानं गेली. ओढ्याच्या काठाला पान मांडलं. भात, वर दही, बाजूला तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी. बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले, पण एक खाली येईना. मग सगळ्यांनी शब्द द्यायला सुरुवात केली. धाकटा भाऊ बिरा म्हणाला, "वैनी, तुजी मेंढरं मी सांभाळतू, इकत न्हाई." कावळा हलला नाही. माझी थोरली बहीण सखूआक्का म्हणाली, "तानू, ह्याला मी दोन येळचं जेवाय घालीन." नाही. मी म्हणालो, "तंबाखू सोडतो." एक उडाला, पण तो पलीकडच्या रानात गेला. ऊन डोक्यावर आलं, माणसं उपाशी. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला आणि सगळे सुटले. तंबाखू काही सुटली नाही.

परत येताना आक्का म्हणाली, "आप्पा, तिचं कायतरी राह्यलंय. तुला ठावं आसंल."

मला ठाऊक होतं.

दिवाळी अंकाच्या बाईंनी बजावलंय की धंद्यातले अनुभव लिहा, दुःखाचं फार नको, लोक फराळ करत वाचतात. बरं. माझी शाळा चौथीपर्यंत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मी एकटाच निघालो मेंढरांना भिणारा. बापानं दोनदा काठी मोडली माझ्या पाठीत आणि मग मिरजेला एका पेटीवाल्याकडं नेऊन टाकला. तिथं नऊ वर्षं राहिलो. परत येऊन आटपाडीच्या पेठेत पेटीदुरुस्तीचं दुकान घातलं. सातारा-सांगलीतल्या निम्म्या भजनी मंडळांच्या पेट्यांच्या पोटात माझा हात गेलेला आहे. हे बढाई म्हणून सांगत नाही, बढाईच आहे ती, पण खरी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीत प्रत्येक सुराला एक पितळी जीभ असते. भात्यानं वारा घातला, पट्टी दाबली, की ती जीभ थरथरते. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक घासायचं, म्हणजे तो चढतो. चढला असेल तर बुडाशी घासायचं, म्हणजे उतरतो. एवढंच काम. पण एक घास जास्त झाला की जीभ फुकट, मग बोंबलत बसा. माणसाच्या जिभेचंही तसंच, पण ती घासायला कानस नाही.

पेटी घेऊन येणारी माणसं पेटीपेक्षा बिघडलेली असायची. एका मंडळाची पेटी आली, म्हणाले, भाता मारला की रडते. उघडली तर भात्यात उंदरीण व्यालेली. मी पिल्लं काढायला लागलो तर त्यांचे बुवा म्हणाले, "आप्पा, आठ दिस राहू द्या. ह्यांच्या रडन्यावर आमची काकडआरती लय रंगतीया." मी पेटी आठ दिवस तशीच दिली.

सातारा बाजूला वर्षातून एकदा माझी फेरी असायची, पार खंडाळ्यापर्यंत. तिकडं एका म्हाताऱ्यानं मला पेटीची पांढरी तीन नंबरची पट्टी बंद करायला सांगितली. मी म्हणालो, चांगली वाजतीय की.

"वाजतीया म्हनून तर. भाऊ गेला माजा. भजनाला बसला की आदी ती पट्टी दाबायचा. आता कुनीबी दाबली की वाटतंय त्योच आला."

मी जिभेवर मेण थापलं आणि सूर मुका केला. पुढच्या वर्षी गेलो तर म्हातारा वेशीतच उभा. म्हणाला, मेण काढा.

"का वं?"

"आता त्यो येतच न्हाई."

हे मी घरी येऊन तानीला पोट धरधरून हसत सांगितलं होतं. ती हसली नव्हती. मला वाटलं, हिला विनोद कळत नाही.

मी मेंढरांना भ्यायचो, पण घरातली चाळीस मेंढरं कुणीतरी राखायला हवी होती. ती तानीनं राखली. सकाळी निघायची, दिवस बुडता यायची. काठी, पाण्याची बाटली, पुढं काळतोंडी नावाची म्होरकी मेंढी गळ्यात घंटा घालून, आणि मागं ही. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. बाईमाणसानं शिट्टी मारावी का, म्हणून माझी आई शेवटपर्यंत बोलली. तानी म्हणायची, "मेंढरास्नी सांगा मग, बाईमानूस हाय, शिट्टीबिगर ऐका."

आणि ती गायची. गाणं म्हणावं तर त्याला शब्द धड नव्हते. एक चाल होती, आईकडनं आलेली का स्वतः जुळवलेली, तिलाच ठाऊक. दोन ओळी गायची, मधेच मेंढीवर ओरडायची, आणि जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा धरायची. दुकानात माझ्याकडं टेप होता. गावोगावच्या बुवांची भजनं मी त्यात भरून द्यायचो. तिनं मला किती वेळा म्हटलं असेल, "आवं, माजं बी एकदा भरा की त्यात. ऐकू तरी कसं वाटतंय."

मी काय म्हणायचो? "आदी तुजा ग सुधार."

कारण तिचा ग चुकायचा. पेटीवर दोन ग असतात, कोमल आणि शुद्ध. तिचा दोन्हींच्या मधे कुठंतरी लागायचा. माझा कान पेटीवाल्याचा, मला ते दातात खडा आल्यासारखं व्हायचं. मी तिला पेटी वाजवून दाखवायचो, "हा घे न्हाईतर हा घे, मधी काय हाय?" ती म्हणायची, "मधी मी हाय." आणि जायची भाकरी थापायला.

बेचाळीस वर्षं मी तिचा ग सुधारायची वाट बघितली. आता समजलं का, कावळा कशासाठी अडला?

तिच्या मागं दहा महिन्यांनी एक दिवस ती चाल पेटीवर काढायला बसलो. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीला अडलो. वर बघितलं, खाली बघितलं, नाही आली. दुसऱ्या दिवशी आली, पण मग पहिली गेली. असा घाम फुटला मला. माणूस गेलं ते गेलं, आता चालही गळत चालली होती, आणि ती ह्या जगात माझ्या डोक्याशिवाय कुठंच नव्हती. डोकं तर पासष्टीनंतर गळक्या भात्यासारखं. वर्षश्राद्धाच्या आत ती चाल कशात तरी भरून तिच्या पानासमोर वाजवायची, असं मी ठरवलं. कावळ्याला काय अडलंय ते अडलंय, तिला मी म्हटलं होतं ना, ग सुधार, मग भरतो म्हणून.

टेप मोडीत गेला होता. मला वसंताची आठवण झाली.

वसंता कुंडलचा. एसटीत कंडक्टर. भीमजयंतीला गावोगाव गाणी म्हणतो, त्याची पेटी वीस वर्षं माझ्याकडं दुरुस्तीला. घराच्या मागच्या खोलीत त्यानं भिंतींना गोधड्या ठोकून, कॉम्प्युटर आणि दोन कीबोर्ड मांडून रेकॉर्डिंगची खोली केलेली. मंगळवारी त्याची सुट्टी. मी पहिल्या मंगळवारी विट्यावरनं बस बदलून गेलो.

"जय भीम आप्पा! या. वाळलाय लय."

"रामराम. माजं ऱ्हाऊ दे, तानीची चाल भरायची हाय."

त्यानं कीबोर्ड पुढं सरकवला. म्हणाला, "तुमी वाजवा, आपुन मिडी करू."

आता ही मिडी काय ते ऐका, कारण मला ती समजायला चार मंगळवार गेले. वसंतानं मला विचारलं, "आप्पा, तिकीट म्हंजी प्रवासी हाय का?"

"न्हाई."

"तिकिटावर काय असतंय? कुठं चडला, कुठं उतरला, फुल्ल का हाफ. त्यो रडत बसलाय का हसत, त्ये काय तिकिटावर नसतंय. मिडी तसंच. कुठली पट्टी दाबली, कवा दाबली, किती जोरात, कवा सोडली. बास. आवाज त्यात नसतूयच."

"मग आवाज कुठनं येतूय?"

"तिकीट जेच्याम्होरं धराल त्यो देतूय. बासरीम्होरं धरलं की बासरी, व्हायलनम्होरं धरलं की व्हायलन."

"म्हंजी तानीचा आवाज न्हाईच ह्यात."

"वैनींचा आवाज कुठनं आनायचा आता, आप्पा?"

त्याच्या बायकोनं, शोभानं, चहा आणला. मी तो पार गार होऊ दिला.

मग वाजवायला बसलो. उजव्या हातानं पट्ट्या, आणि डावा हात आपोआप भाता मारायला लागला. भाता कुठं? भाता नव्हताच. पण पन्नास वर्षांची सवय, डावा हात वारा घातल्याशिवाय उजवा चालतच नाही. मी हवेत डावा हात पुढं-मागं, पुढं-मागं. शोभा दारातनं बघत होती. नवऱ्याला हळूच म्हणाली, "आवं, ह्यांस्नी फीट यायला लागलीया का? चप्पल हुंगवू का?"

"गप गं. त्यांचं वाजवनं चाललंय."

दुसऱ्या मंगळवारी डाव्या हाताला आधार सापडला. कीबोर्डच्या डाव्या अंगाला एक चाक असतं. मी ते भाता समजून मारायला लागलो. पण ते चाक पुढं ढकललं की सूर वर सरकतो, मागं ओढलं की खाली घसरतो. तानीची चाल वरातीत दारू पिऊन वाजवणाऱ्या सनईवाल्यासारखी निघाली. वसंता खुर्चीवरनं खाली बसला हसून हसून. मग म्हणाला, "आप्पा, डावा हात मांडीखाली घ्या." पुढचे सगळे मंगळवार मी डाव्या हातावर बसून वाजवलं. हात बधिर व्हायचा, पण चाल सरळ यायची.

त्याच दिवशी वसंता दळण आणायला गेला तेव्हा मी कीबोर्डचे बारा स्क्रू काढले. मला आतल्या जिभा बघायच्या होत्या. आत काय असावं? रबराची एक पट्टी आणि तिच्यावर काळे ठिपके. एक जीभ नाही, वारा यायला एक भोक नाही. मी खरंच फसवल्यासारखा बसून राहिलो. वसंता दळणाचा डबा घेऊन दारात उभा.

"आप्पा! काय केलं हे?"

"ह्यात काय न्हाई रं."

"न्हाईच! मी चार आठवडं तेच सांगतुया, ह्यात काय नसतंय!"

"दोनच आठवडं झालं," मी म्हणालो. स्क्रू बसवले. एक उरला. तो अजून माझ्याकडं आहे.

तिसऱ्या मंगळवारी चाल पुरी भरली. वसंता म्हणाला, आता आवाज निवडा. यादीतनं तो एकेक लावत गेला. पियानो लावला, तानी चर्चमधे गेल्यासारखी वाटली. व्हायलन लावलं, सिनेमात कुणीतरी मरतंय. यादीच्या शेवटाला त्याला चेष्टा सुचली. तानीची चाल टेलिफोनच्या घंटीत वाजली. मग हेलिकॉप्टरमधे. मग टाळ्यांत, म्हणजे प्रत्येक सुराला शंभर माणसं टाळ्या पिटतात. मग बंदुकीत. पहिली ओळ बंदुकीच्या गोळ्यांत संपली आणि मी म्हणालो, "वसंता, ती तापानं गेलीया. तू तिला लढाईवर धाडू नगंस."

त्यानं बासरी लावली. बासरी बरी होती. पण चाल ऐकताना मला काहीतरी टोचायला लागलं. कुठंच अडखळत नव्हती. तानी कुठं ओरडते? जिथं ती थांबायची त्या जागा मी मुद्दाम मोकळ्या ठेवून वाजवल्या होत्या. त्या गायब.

"मधल्या जागा कुठं गेल्या?"

"त्या मी सरळ केल्या. हे एक बटन असतंय, मागं-म्होरं पडलेला सूर तालात बसवतंय. आनी मोकळं लय हुतं, ते कापलं. तुमी अडकत हुता का न्हाई?"

"मी अडकत नव्हतो. मेंढ्या अडकत हुत्या."

"आं?"

"तिथं ती मेंढीवर वरडायची. त्ये गान्यातच हाय. पैलं हुतं तसं कर."

वसंतानं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. बटण उलटं दाबलं. जागा परत आल्या. बासरी दोन ओळी वाजायची, गप्प व्हायची, आणि मग पुन्हा सुरू. शोभा आतून ओरडली, "लाईट गेली का वं?"

राहिला ग. वसंता म्हणाला, त्या चाकानं दोन्हींच्या मधला ग काढता येतो. काढून बघितला. मांजर पायाला अंग घासताना करतं तसा आला. मग मी पेटीवाल्याची जुनी युक्ती केली. कोमल ग नुसता शिवायचा आणि लगेच शुद्धावर बसायचं. मधला लागत नाही, पण तो कुठंतरी जवळ राहतो एवढं कळतं. माझं समाधान झालं नाही. पण वर्ष सरत आलं होतं.

चौथ्या मंगळवारी मी ती चूक केली. मिडीत सोळा घरं असतात. वसंता त्यांना चॅनल म्हणतो. एका तारेतनं सोळा वाजवणाऱ्यांची तिकिटं जातात, ज्यानं त्यानं आपल्या घराची उचलायची. तानीची चाल पहिल्या घरात ठेवली होती. मला ते पटेना. पहिलं घर तिचं कसं? ती कुठंच पहिली नव्हती, जेवायलासुद्धा नाही. दहा आकडा तिचा. दहाव्यालाच तिचं अडलं होतं, दहाव्यातनंच सुटायला पाहिजे. हे वसंताला सांगितलं असतं तर तो हसला असता, शिवाय त्यांच्यात हे कावळ्याचं काही नाही. तो डेपोचा फोन आला म्हणून अंगणात गेला. पडद्यावर एकाचा आकडा होता. त्या उंदरावरचं, म्हणजे माऊसवरचं, चाक फिरवलं की आकडा वाढतो, एवढं मी बघून शिकलो होतो. फिरवलं. दहा आल्यावर हात काढला. वाजवून बघितलं, बासरीच वाजली. म्हणजे सगळं ठीक, असं समजून मी गप्प बसलो. वसंतानं ते पेनड्राईव्हवर घेतलं.

वर्षश्राद्धाला वसंता रजा टाकून आला. कार्यक्रमाला नेतो तो मोठा कीबोर्ड काखेत मारून आणला, त्याला पेनड्राईव्ह लावला की तो आपला आपण वाजतो. मांडववाल्याचे दोन स्पीकर होते. अंगणात मांडव, पन्नासेक माणूस, आणि कोपऱ्यात तानीचं पान. भात, दही, शेंगदाण्याची चटणी. कडुनिंबावर कावळे होते, नाही असं नाही. पण त्यांची तोंडं दुसरीकडं.

गुरुजी म्हणाले, "आता बोलवा."

मी वसंताला खूण केली. मनात म्हणालो, तानी, भरलंय बघ. उशीर झाला.

वसंतानं बटण दाबलं.

टंग!

बासरी नव्हती. घंटा वाजली. मग खुळखुळ खुळखुळ. मग फुर्र-फुर्रर्र अशी शिट्टी. मग करवतीसारखं खर्रर्र. मग काठीवर काठी मारावी तसं टक, टक. पुन्हा टंग. पन्नास माणसं माझ्याकडं बघायला लागली. कुणीतरी हसलं. गुरुजींच्या हातातली पळी तशीच वर राहिली. वसंताचा चेहरा पांढराफटक, तो बटणं शोधायला लागला.

"आप्पा, काय झालं ओ हे? मी बासरी भरलीती! थांबा, बंद करतू."

सखूआक्कानं त्याचा हात धरला. "राहू दे."

दोन ओळी झाल्या आणि ती मोकळी जागा आली. त्या जागेत, कुणी सांगितलं नव्हतं, आक्काच्याच तोंडातनं गेलं, "हर्र्या! म्होरं चल गं!"

टंग. खुळखुळ. फुर्र-फुर्रर्र.

बिरा उठून उभा राहिला. "मेंढरं कोन सोडतंय?"

कोणीच सोडत नव्हतं. ती आपली आपण सुटली. बिराचं जाळीचं कुंपण आमच्या अंगणापासून हाकेवर. आधी धुरळा दिसला. मग काळतोंडी जाळी तुडवून, खुंट गळ्यातल्या घंटेबरोबर ओढत मांडवात शिरली आणि तिच्या मागं सगळी चाळीस. मी बाकावर चढलो, खोटं कशाला बोलू. एक मेंढी गुरुजींच्या धोतरावर उभी. दोन पत्रावळीच्या गठ्ठ्यात. पाहुण्यांतले एक रावसाहेब चपला हातात घेऊन टेबलावर. आणि बाकीची सगळी स्पीकरच्या भोवती दाटीवाटीनं उभी, माना वर करून. गाण्यात जागा आली की ती चुळबुळायची. शिट्टी वाजली की गप्प.

काळतोंडी स्पीकरपाशी थांबली नाही. ती सरळ कोपऱ्यातल्या पानाकडं गेली. हुंगलं. आणि भात खाल्ला. दही, चटणी, सगळं. मग पानही.

"अहो, धरा तिला!" गुरुजी ओरडले. "कावळ्याचं पान आहे ते! शास्त्रात मेंढी नाही!"

सखूआक्का जागची उठली नाही. पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "गुरुजी, कावळा तिला कुटं वळखत हुता? जल्म मेंढराबरं काडला बाईनं. ज्येंनी वळखायचं त्येंनी वळखलं."

गुरुजींनी आक्काकडं बघितलं, मेंढीकडं बघितलं, आणि पळी खाली ठेवली. दर्भाचा कावळा करावा का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही.

मी बाकावरनं उतरलो. काळतोंडी माझ्याकडं आली. आयुष्यात कधी मेंढीला हात लावला नव्हता, त्या दिवशी लावला. तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं आणि तंबाखूची पुडी ओढून कागदासकट चावली. दहाव्याला शब्द दिला होता, तोही वसूल झाला.

जेवणं मेंढरांच्या मधेच झाली. वसंता माझ्या शेजारी बसला. त्याला राहवेना.

"आप्पा, खरं सांगा. आकडा फिरवला हुता का?"

"फिरवला."

"किती केला?"

"धा."

त्यानं कपाळावर हात मारला. मग मला समजावलं. दहावं घर ढोलवाल्यांचं. कुठल्या का देशातला कीबोर्ड असेना, त्या घरात सूर नसतात. तिथं प्रत्येक पट्टीला एक वाजवायची वस्तू नेमून दिलेली. मी तानीचा सा काळी चारवर धरला होता, तिथं घंटा बसलेली. रे ला खुळखुळा, म ला ती खर्रर्र, प ला काठ्या. त्याच्या कॉम्प्युटरवर त्यानं बासरी बांधून ठेवलेली, म्हणून तिथं कळलं नाही.

"आनी ग?" मी विचारलं.

"दोन्ही ग ला शिट्ट्याच हाईत. कोमलाला बारकी, शुद्धाला लांब."

मी भाताचा घास तसाच हातात धरून बसलो. बेचाळीस वर्षं मी तिला दोनातला एक निवड म्हणत होतो. ती फुर्र-फुर्रर्र मी आजवर हजारदा ऐकली असेल, दिवस बुडताना ओढ्याकडनं येताना. ती मेंढरांना ज्या शिट्टीनं बोलवायची, तोच तिचा ग होता. गाताना तो तोंडात तसाच यायचा. आणि मी तिला पेटी दाखवत होतो.

वसंता पेनड्राईव्ह काढत म्हणाला, "द्या, दोन मिन्टांत पैल्या घरात टाकतू. बासरी वाजंल, झकास."

"हात लावून तर बघ."

"आवं, चुकीच्या घरात हाय ते आप्पा. तिथं निस्तं ढोल-ताशंवालं, साऱ्या दुनियेचं."

"आसू दे शेजार. गर्दी तिला चालतीया," मी म्हणालो. "एकटं ऱ्हायचं जमत न्हाई ते मला."